घ्या, पण मोजून घ्या

प्रश्न : माझ्याकडे सोनीचा ए६४०० आहे, सेकंडहँड घेतलेला. हौस म्हणून सुरुवात केली, आता ओळखीतले लोक छोट्या कार्यक्रमांचे फोटो आणि व्हिडिओ काढायला बोलावतात. कॅमेऱ्यासोबत एकच बॅटरी मिळाली होती आणि कार्यक्रम अर्ध्यावर येतो तोवर ती मान टाकते. एका ओरिजिनल बॅटरीच्या पैशांत दुसऱ्या कंपन्यांच्या तीन येतात. दोन बॅटऱ्या आणि दोन खणांचा चार्जर असा सेटही मिळतो. एका कंपनीच्या बॅटरीवर ११०० एमएएच लिहिलंय, दुसरीच्या बॅटरीवर २०००, किंमत जवळपास सारखीच. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तर 'ओरिजिनल सोनी'च निम्म्याहून कमी भावात आहे. मित्र म्हणतो, असल्या बॅटऱ्यांनी कॅमेरा जळतो. शिवाय माझ्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट लिहिलंय आणि या नव्यांवर ७.४, त्याचीही धास्ती वाटते. काय घेऊ? आणि विमानाने जायचं झालं तर या बॅटऱ्या सोबत नेता येतात का?
— एक हौशी छायाचित्रकार

उत्तर : आधी त्या स्वस्तातल्या 'ओरिजिनल सोनी'चा विषय संपवू, कारण तुमच्या पर्यायांत सगळ्यात वाईट तोच आहे.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी वेगळी आणि नकली बॅटरी वेगळी. पॅटोना, न्यूवेल, जुपिओ, नीवर, स्मॉलरिग, वासाबी पॉवर या कंपन्या स्वतःच्या नावाने बॅटऱ्या विकतात. माल फुसका निघाला तर शिव्या त्यांच्याच नावाला बसतात, त्यामुळे निदान थोडी काळजी घेणं त्यांच्या फायद्याचं असतं. नकली बॅटरी बनवणारा सोनीचं नाव छापून मोकळा होतो. उद्या ती फुगली तर बदनामी सोनीची, बनवणाऱ्याचा कुणाला पत्ताही नसतो. आत कसले सेल भरलेत, संरक्षणाचं सर्किट घातलंय की नुसती जागा सोडलीय, हे त्याला विचारणारं कुणी नाही. मूळ कंपनीचा माल निम्म्याहून कमी भावात द्यायला विक्रेत्याने काही अन्नछत्र उघडलेलं नाही. ओरिजिनल हवी तर अधिकृत विक्रेत्याकडून पूर्ण पैसे मोजून घ्या, पैसे वाचवायचे तर उघडपणे दुसऱ्या कंपनीची घ्या.

आता तो २००० चा आकडा. तुमच्या कॅमेऱ्यातली बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५०. ती हातात घेऊन उलटी करा. ७.२ व्होल्ट, १०२० एमएएच (मिलिॲम्पियर-तास, म्हणजे १.०२० ॲम्पियर-तास) आणि त्यांच्या शेजारी ७.३ वॅट-तास असे तीन आकडे दिसतील. बॅटरीत एकूण ऊर्जा किती मावते हे तिसरा आकडा सांगतो आणि तो पहिल्या दोघांच्या गुणाकारातून येतो : ७.२ गुणिले १.०२० ॲम्पियर-तास. हाच हिशोब २००० एमएएचला लावला तर १४.४ वॅट-तास होतात. सोनीचीच मोठी बॅटरी, एनपी-एफझेड१००, जी ए६६०० आणि ए७ मार्क ३ मध्ये चालते, ती १६.४ वॅट-तासांची आहे. आणि ती अंगाने एवढी मोठी आहे, की तुमच्या ए६४०० च्या कप्प्यात जातच नाही. म्हणजे त्या २००० वाल्याचा दावा असा, की मोठ्या बॅटरीची बहुतेक सगळी ऊर्जा त्याने छोट्या बॅटरीच्या खोक्यात कोंबून दाखवली, तीही सोनीच्या एक-तृतीयांश किमतीत.

असं होतं का, हे बघायला कॅननचं उदाहरण चांगलं आहे, कारण त्यांनी एकाच आकाराची बॅटरी वर्षानुवर्षे सुधारत नेली. २००८ मध्ये आलेली एलपी-ई६ होती १८०० एमएएचची. २०१४ च्या एलपी-ई६एन मध्ये १८६५ झाले. २०२० मध्ये आर५ आणि आर६ या कॅमेऱ्यांसोबत एलपी-ई६एनएच आली, ती २१३० ची. कॅननसारख्या कंपनीला त्याच खोक्यात सुमारे १८ टक्के वाढ करायला १२ वर्षं लागली. तुमची एफडब्ल्यू५० २०१० च्या सुमाराची, त्यामुळे आजचे चांगले सेल घालून कुणी १०२० च्या जागी ११००, फार तर १२०० म्हणत असेल तर मी ऐकून घेईन. दुपटीचा दावा मात्र सरळ थाप आहे. आणि जो आकड्यात थाप मारतो, त्याने आतल्या सर्किटवर प्रामाणिकपणे खर्च केला असेल असं मानायला मी तयार नाही. २००० वाली बाद. ११०० वाली विचारात घेऊ.

एक छोटी खूण सांगतो. पुष्कळदा पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत मोठा आकडा असतो आणि मागे बारीक अक्षरांत वॅट-तास छापलेले असतात. त्या वॅट-तासांना व्होल्टनी भागा आणि हजाराने गुणा, म्हणजे एमएएच निघतील. पुढचा आकडा आणि मागचा आकडा जुळत नसेल, तर बहुधा मागचाच खरा. वॅट-तास छापलेलेच नसतील तर ती बॅटरी घेऊ नका.

कॅमेरा जळण्याबद्दल. बॅटरी जास्त क्षमतेची असली म्हणून ती कॅमेऱ्यात जास्त करंट ढकलत नाही. कॅमेऱ्याला लागेल तेवढाच तो ओढून घेतो. व्होल्टचा फरकही नुसता लेबलचा आहे. या बॅटरीत लिथियम-आयनचे दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब कुणी ३.६ व्होल्ट धरतं, कुणी ३.७, म्हणून दोघांचे मिळून ७.२ किंवा ७.४. पूर्ण चार्ज झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या ८.४ व्होल्टलाच पोचतात. त्या ७.४ ची धास्ती सोडून द्या.

पण तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. धोका असतो तो फुगण्याचा, शॉर्ट होण्याचा आणि चार्जिंगच्या वेळचा. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्याच्या कप्प्यात अडकते आणि ती काढताना कप्प्याची क्लिप तुटू शकते. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही, असं कॅमेरा कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत सहसा लिहिलेलं असतं. तुमचा कॅमेरा सेकंडहँड आहे, तेव्हा वॉरंटीचा प्रश्न कदाचित उरलेलाही नसेल. तरी हे माहीत असू द्या.

खरी कटकट वेगळीच असते आणि ती तुमच्यासारख्या, कार्यक्रम टिपणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त नडते. ती म्हणजे टक्केवारी. सोनीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते. किती ऊर्जा आत गेली, किती बाहेर पडली याचा हिशोब ती ठेवते आणि कॅमेऱ्याला सांगते. स्क्रीनवर दिसणारे ६७ टक्के हे त्या हिशोबातून येतात. दुसऱ्या कंपन्यांना ही भाषा उलगडून स्वतःची चिप बनवावी लागते. कुणाची चांगली जमते, कुणाची कामचलाऊ. त्यामुळे स्वस्त बॅटरी बराच वेळ १०० वरच बसून राहते, मग भराभर उतरते, आणि ३० टक्के दिसत असताना कॅमेरा एकदम बंद पडतो. थोड्या वेळाने चालू करावा तर परत २० टक्के! ही जादू नाही. सेल हलक्या दर्जाचे असले की त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, जास्त असतो. व्हिडिओ चालू आहे, ऑटोफोकस धावतोय, अशा वेळी कॅमेरा जास्त करंट मागतो आणि बॅटरीचा दाब क्षणभर खाली बसतो. कॅमेऱ्याला वाटतं, संपली. भार गेला की दाब सावरतो आणि बॅटरी पुन्हा जिवंत दिसते. थंडीत हे आणखी लवकर होतं.

दोन सेल एकमेकांना जुळणारे नसले तरी हाच प्रकार होतो. एक सेल आधी रिकामा होतो आणि दुसऱ्यात जीव शिल्लक असतानाच संरक्षणाचं सर्किट सगळं तोडून टाकतं. चांगली कंपनी सेल जोड्या लावून बसवते, त्याचेच ती पैसे घेते. रेकॉर्डिंग चालू असताना वीज अशी अचानक गेली तर ती फाइल अर्धवट राहू शकते. फोटोत एखादी फ्रेम जाईल, व्हिडिओत अख्खं भाषण जाऊ शकतं. म्हणून एमएएच १०० कमी का असेनात, पण टक्केवारी खरी सांगणारी बॅटरी मी केव्हाही पसंत करीन.

आणि हे दुकानात बघून कळत नाही. घरी आणून तपासावं लागतं, म्हणून परत करण्याची मुदत किती आहे ते पैसे देण्याआधी विचारा. पहिला आठवडा तपासणीचा.

बॅटरी आली की आधी कप्प्यात घालून बघा. ओरिजिनल जशी सरकत जाते तशीच ही गेली पाहिजे आणि क्लिप सोडल्यावर स्वतःहून थोडी वर आली पाहिजे. घट्ट जात असेल तर दाबून बसवू नका, सरळ परत करा. हातात तोलून बघा. ओरिजिनलपेक्षा लक्षात येण्याइतकी हलकी लागली तर आत माल कमी आहे. नवी बॅटरी अर्धीही भरलेली नसेल, त्यात काही गैर नाही. हवाई मालवाहतुकीत सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज ठेवायचा नियम २०१६ पासून आहे.

पहिलं चार्जिंग कॅमेऱ्यातच, यूएसबी केबलने करा, तुम्ही समोर असताना. ए६४०० चा नारिंगी दिवा स्थिर पेटला म्हणजे चार्जिंग चालू आहे. तो लुकलुकत राहिला तर काहीतरी बिनसलंय किंवा बॅटरी फार गरम अथवा फार थंड आहे. काही बॅटऱ्या कॅमेऱ्यात चार्जच होत नाहीत, फक्त त्यांच्या स्वतःच्या चार्जरमध्ये होतात. मी त्या घेत नाही. कॅमेऱ्याला जी बॅटरी ओळखता येत नाही, तिच्या टक्केवारीवर कसा भरवसा ठेवायचा?

मग खरी परीक्षा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर काहीतरी थोडं हलणारं असू द्या, वायफाय बंद, स्क्रीनचा उजेड मध्यम. फुल एचडीत रेकॉर्डिंग सुरू करा. ४के नको, नाहीतर कॅमेरा गरम होऊन थांबेल आणि तुम्ही बॅटरीला दोष द्याल. ए६४०० ला अर्ध्या तासाची मर्यादा नाही, त्यामुळे कार्डात जागा असेल तर एकाच दमात बॅटरी संपेपर्यंत चालवता येतं. दर १५ मिनिटांनी टक्केवारी कागदावर टिपा. शेवटी व्हिडिओ किती लांबीचा झाला ते लिहा आणि बंद पडण्याआधीची टक्केवारीही लिहा. हेच ओरिजिनल बॅटरीवर, त्याच खोलीत, त्याच सेटिंगवर करा. दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून झाल्यावर नव्या बॅटरीची परीक्षा एकदा परत घ्या.

नव्या ओरिजिनलच्या नव्वद टक्के वेळ मिळाला आणि टक्केवारी सावकाश उतरत शून्याच्या आसपास पोचली, तर बॅटरी ठेवा आणि खूश राहा. पाऊण वेळसुद्धा मिळाला नाही, किंवा २५-३० टक्क्यांवरून एकदम अंधार झाला, तर परत करा. सेटमधल्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या तपासा. एक उत्तम आणि दुसरी टाकाऊ असं सर्रास होतं. उतरलेल्या बॅटरीला हातही लावून बघा. कोमट चालेल, चटका बसायला नको.

इथे तुमच्या बाबतीत एक गोम आहे. तुमची ओरिजिनल बॅटरी कॅमेऱ्यासोबत सेकंडहँडच आलेली आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता बरीच घटलेली असते, आणि नुसती पडून राहिली तरी वयाने झिजते. कार्यक्रम अर्ध्यावर असताना ती मान टाकते, त्यात कॅमेऱ्याचाही वाटा आहे. तुमच्यासारख्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात सेन्सर आणि स्क्रीन सतत जागे असतात. नव्या बॅटरीवर ए६४०० चा प्रमाणित आकडा स्क्रीन वापरून सुमारे ४१० फोटो, व्ह्यूफाइंडर वापरून सुमारे ३६० एवढाच आहे. सलग भराभर फोटो काढले तर त्याहून बरेच जास्त निघतात, मधे मधे कॅमेरा चालू ठेवून वाट बघितली तर कमी. पण तुमची त्याच्या आसपासही जात नसेल तर ती थकलेली आहे. अशा बॅटरीशी तुलना केली तर कुठलीही नवी बॅटरी पैलवान वाटेल. तेव्हा नवीने जुनीला हरवलं एवढ्यावर भुलू नका.

म्हणून माझा हिशोब असा. ११०० वाल्या दोन आणि चार्जर, हा सेट आता घ्या आणि वरच्यासारखा तपासा. पुढच्या एक-दोन कामांचे पैसे आले की अधिकृत विक्रेत्याकडून एक नवी ओरिजिनल घ्या. ती दोन कामांना राखून ठेवायची. एक म्हणजे कार्यक्रमातला तो भाग, जो पुन्हा होणार नाही. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट, जे अर्ध्यात वीज गेली तर कॅमेऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. अपडेटवरून आठवलं. २००९ मध्ये पॅनासॉनिकने काही कॅमेऱ्यांसाठी असं अपडेट काढलं होतं, की त्यानंतर ते कॅमेरे दुसऱ्या कंपनीची बॅटरी स्वीकारेनासे झाले. कारण सुरक्षिततेचं दिलं होतं. आजही काही कॅमेरे अनोळखी बॅटरी दिसली की कुरकुर करतात. कॅननचे कॅमेरे तर बॅटरीवर आमचा लोगो आहे का, असा प्रश्नच विचारतात. दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीवर विसंबायचं तर अपडेट टाकण्याआधी बाकीच्यांचा अनुभव काय आहे ते बघून घ्यावं. घाई नसते.

सेटमधल्या चार्जरबद्दल एवढंच, की तो बॅटरीपेक्षा जास्त संशयाने बघा. ए६४०० च्या खोक्यात वेगळा चार्जर येत नाही, त्यामुळे दोन खणांच्या चार्जरची सोय तुम्हाला मोठी वाटणार आणि ती आहेच. पण तो जागेपणी वापरा, अंथरुणावर किंवा कागदांच्या ढिगावर ठेवू नका, आणि रात्रभर लावून झोपू नका. दोन्ही खण एकदम चार्ज करायचे तर ५ व्होल्ट, २ ॲम्पियरचा ॲडॅप्टर लागतो. जुन्या फोनच्या १ ॲम्पियरवाल्याने चार्जिंग रेंगाळतं. गोठवणाऱ्या थंडीतून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. शून्याखालच्या तापमानात चार्ज केलं तर सेलच्या आत धातूरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

बॅटऱ्यांवर कागदी चिकटपट्टी लावून अ, ब, क अशी नावं घाला आणि घेतल्याचा महिना लिहा. सहा महिन्यांनी कोणती आधी ढेपाळली ते कळेल, आणि पुन्हा कुणाची घ्यायची हेही. महिनाभर काम नसेल तर बॅटऱ्या अर्ध्या भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. ठासून भरून ठेवलेली किंवा पार रिकामी ठेवलेली, दोन्ही लवकर म्हाताऱ्या होतात. कप्प्यातून काढताना बॅटरी अडखळायला लागली, पोट किंचित फुगीर दिसलं, की तिचं काम संपलं. टोचायची नाही, दाबायची नाही, पुन्हा चार्जही करायची नाही. धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची, घरच्या कचऱ्यात नाही.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावून लांबलचक रेकॉर्डिंग करायचं असेल, तर चौथी बॅटरी घेण्याआधी घरातली पॉवर बँक आठवा. ए६४०० च्या मेनूत यूएसबी पॉवर सप्लाय हा पर्याय आहे. तो चालू केला आणि बॅटरी आत राहू दिली, की कॅमेरा पॉवर बँकेवर चालतो. तुमच्या अर्ध्या अडचणी तिथेच सुटतील, असा माझा अंदाज आहे. फोटो काढताना प्री-एएफ (बटण दाबण्याआधीच चालू राहणारा ऑटोफोकस) बंद ठेवलं आणि फोनशी जोडणी नको तेव्हा एअरप्लेन मोड लावला, तर आहे त्याच बॅटरीवर जास्त वेळ निघतो. हे फुकटचं आहे, आधी हेच करून बघा.

विमानाचं सोपं आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीशिवाय नेता येते आणि तुमची एकेक तर सात-आठ वॅट-तासांची. सुट्या बॅटऱ्या मात्र केबिनमधल्या बॅगेतच हव्यात, चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत. प्रत्येकीवर प्लास्टिकची टोपी किंवा पट्ट्यांवर चिकटपट्टी हवी, म्हणजे किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही. संख्येची मर्यादा एअरलाइननुसार बदलते, ती तिकीट काढताना बघून घ्या.